बिळात झोपलेला कोल्हा

नाईकवडी बाई भित्र्या होत्या. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढं तोक्योच्या ओजिमा भागातल्या मराठी घरांत त्यांच्याबद्दल बरंच बोललं गेलं. कुणी त्यांना धीट म्हणालं, कुणी आगाऊ म्हणालं, एकीनं तर घर फोडणारी बाई म्हटलं. भित्र्या कुणीच म्हणालं नाही. मी त्यांना अडीच वर्षं जवळून पाहिलं. त्यांच्याइतकं घाबरणारं माणूस मला दुसरं भेटलेलं नाही.

त्यांना लिफ्टची भीती वाटायची. सरकत्या जिन्याची वाटायची. तोक्योतले कावळे, जे खरोखरच कोंबडीएवढे असतात, त्यांना भिऊन त्या कचरा टाकायला छत्री उघडून जायच्या. संडासातल्या बटणांना त्यांनी पहिले दोन महिने हात लावला नाही. आणि भूकंपाची भीती तर अशी, की आल्या आल्या कुणीतरी त्यांना सांगितलं, जमीन हलली की दाराची चौकट वाकते आणि दार अडकून बसतं. त्या दिवसापासून बाई जिथं बसतील तिथलं दार त्या पूर्ण लागू द्यायच्या नाहीत. पायातली एक चप्पल काढून फटीत सारायच्या. आमच्या घरी आल्या तरी, निखिलच्या घरी असल्या तरी, भर जानेवारीतही.

निखिल त्यांचा मुलगा. तो आणि त्याची बायको दोघंही आयटीत, सकाळी आठला बाहेर पडणारी. बाई सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. नातवाला सांभाळायला आजीला इथं राहता येतं, पण नातू सात वर्षांचा होईपर्यंतच, असा व्हिसाचा नियम होता. बाई म्हणायच्या, "मी इथं नातवाच्या वयावर राहते."

आमची ओळख जिन्यात झाली. आमची वसाहत सरकारी घरांची, उंच इमारतींची. निम्म्या घरांच्या दारावर तोरणं. मी चौथ्या मजल्यावर राहते, बाई नवव्या. एका दुपारी दार उघडलं तर पायरीवर एक साठीच्या पुढच्या बाई मुळ्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या. धाप लागलेली.

"लिफ्ट बंद आहे का?" मी विचारलं.

"चालू आहे की," त्या म्हणाल्या. "पण आत असताना हलायला लागलं तर?"

मी पाणी दिलं. माझ्या मुलीनं, रेवानं, आतून जपानीत काहीतरी विचारलं आणि मी मराठीत उत्तर दिलं. बाईंनी ते ऐकून घेतलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "मुलीला मराठी कळतं, बोलता येत नाही. असंच ना? किती मुलं आहेत अशी इथं?"

तिथून शनिवारचा वर्ग सुरू झाला. वसाहतीतल्या समोरच्या इमारतीत तळमजल्यावर बैठकीची एक खोली आहे, ती नाव नोंदवली की मिळते. दर शनिवारी दुपारी दोन ते चार. मला जपानी चांगलं येतं, मी घरी बसून भाषांतराची कामं करते, त्यामुळं खोलीची नोंदणी, किल्ली, खुर्च्या परत जागेवर लावणं हे माझ्याकडं. शिकवणं बाईंकडं. सुरुवातीला सहा मुलं होती, मग अकरा झाली. मुलं त्यांना 'बाई-सेन्सेई' म्हणायची.

बाईंनी बाराखडी शिकवलीच नाही. त्यांनी गोष्टी सांगायला लावल्या. वर्गातली एक गोष्ट मला अजून आठवते. एक बाई बाजारातून बांगड्या घेऊन निघते. वाटेत पडते, बांगड्या फुटतात. घरी जाईपर्यंत तिला तीन जणं भेटतात आणि बांगड्या कशा फुटल्या याचं ती तिघांना तीन वेगवेगळी कारणं सांगते. बस, एवढीच गोष्ट.

"कशाची गोष्ट आहे?" बाईंनी विचारलं.

"बांगड्यांची," एक मुलगा म्हणाला.

"बांगड्यांच्या जागी अंडी असती तर गोष्ट बदलली असती?"

मुलांनी विचार केला. नाही.

"बाईच्या जागी बाप्या असता तर?"

नाही.

"मग जे बदललं तरी गोष्ट तीच राहते, ते सगळं बाजूला काढा. आंबा खाऊन झाला की हातात काय उरतं? कोय. ह्या गोष्टीची कोय काय?"

"उसो," एक जण म्हणाला. म्हणजे खोटं.

"बरं. पण ती खोटं का बोलते?"

कुणी म्हणालं, लाज वाटते म्हणून. कुणी म्हणालं, पैसे वाया गेले म्हणून. खिडकीजवळ ईशा नावाची मुलगी बसायची, नऊ वर्षांची, शाळेत रेवाच्या वर्गातली. ती फारसं बोलायची नाही. ती खाली बघत, निम्मं जपानी निम्मं मराठी असं म्हणाली, "घरी गेल्यावर काय होणार ते तिला माहीत आहे. म्हणून ती आधी प्रॅक्टिस करते."

बाईंनी तिच्याकडं बघितलं. जरा जास्त वेळ बघितलं, एवढंच मला तेव्हा जाणवलं.

ईशाचे वडील महेश. आमच्या वसाहतीत त्यांना न ओळखणारं भारतीय घर नव्हतं. गणपतीची मूर्ती आणणारे ते, नव्यानं आलेल्या कुटुंबाला फ्रीज चढवून देणारे ते, कुठला कचरा कुठल्या वारी हे सगळ्यांना समजावून सांगणारे ते. निखिलच्या कंपनीत ते मोठ्या हुद्द्यावर होते आणि निखिलचे थेट वरिष्ठ. ऑफिसात त्यांना महेश-सान म्हणत, आम्हीही गमतीनं तसंच म्हणायचो. त्यांची बायको स्मिता. देखणी, हसरी, नेहमी लवकर निघणारी. कुठल्याही कार्यक्रमात तिचं "चला, आम्ही निघतो" सगळ्यात आधी यायचं.

वर्गाला सात-आठ महिने झाले असतील. एका मंगळवारी सकाळी बाई माझ्याकडं आल्या. चप्पल दारात सारली. हातात तीन वह्या होत्या, तिन्ही ईशाच्या. मुलांनी लिहिलेल्या गोष्टी त्या घरी नेऊन वाचत असत. त्यांनी वह्या माझ्या टेबलावर शेजारी शेजारी उघडून ठेवल्या.

"वाच."

पहिली गोष्ट सशाची. ससा बिळात आहे, कोल्हा झोपलाय, सशाला शिंक येतेय आणि तो ती नाकातच धरून ठेवतो. दुसरी अंतराळात गेलेल्या मुलीची. रॉकेटमध्ये एलियन झोपलाय म्हणून ती पृथ्वीशी बोलायचा रेडिओ बंद करते. तिसरीत एका मुलीला एक विद्या येते: तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांवरून चालत गेलं तरी तिच्या पायाखाली कुर्र असं वाजत नाही.

"छान आहेत की," मी म्हटलं.

"ससा गेला, रॉकेट आलं. रॉकेट गेलं, बिस्किटं आली. गोष्ट बदलली का?"

"नाही. आवाज करायचा नाही. तिन्हीत तेच आहे." आणि मी हसले, कारण मला उत्तर माहीत होतं. "बाई, इथं सगळ्याच मुलांना तेच ऐकावं लागतं. खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात. मी रेवाला दिवसातून दहा वेळा सांगते, हळू चाल, शिझुका नि, आवाज नको. ते डोक्यात बसतं मुलांच्या."

"मी पण आधी तेच धरलं होतं," बाई म्हणाल्या. "रात्रभर तेच धरून बसले. पण तू नीट बघ. ज्याची भीती आहे, तो कुठं आहे?"

मी पुन्हा वाचलं.

"कोल्हा बिळाच्या बाहेर नाहीय, वर्षा. कोल्हा बिळातच झोपलाय. एलियन रॉकेटमध्ये झोपलाय. आणि हे बघ, बिस्किटं कुठं पसरलीत? हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत."

 मला एकदम आठवलं की रेवा दोनदा म्हणाली होती, ईशाकडं बेल वाजवायची नाही, बाबा झोपलेले असतात, आपण फक्त खाली उभं राहायचं. मी ते ऐकून सोडून दिलं होतं. मी बाईंना ते तेव्हाही सांगितलं नाही. म्हटलं, "मुलांच्या कल्पना असतात. एवढ्यावरून कुणावर आळ घ्यायचा का आपण? आणि कुणावर, तर निखिलच्या साहेबांवर? स्मिताचा व्हिसा नवऱ्यावर आहे. उद्या काही नसलंच तर?"

"मला तीच भीती आहे," त्या म्हणाल्या. "काही नसलं तर मी तोंड कुठं दाखवू? आणि असलं तर?"

मग त्यांनी एक सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या सातवीत एक मुलगी होती. निबंध सुरेख लिहायची. विषय कुठलाही द्या, पाऊस, माझा आवडता सण, शेवटी तिच्या निबंधात कुणीतरी दाराला आतून कडी लावायचं. "मी शुद्धलेखन तपासलं," बाई म्हणाल्या. "ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. दहापैकी आठ मार्क दिले. दिवाळीनंतर ती आलीच नाही. मी हजेरीत लिहिलं, शाळा सोडली. का सोडली ते विचारायला गेले नाही. तिचा बाप गावात मोठा माणूस होता, मला भीती वाटली."

पुढच्या शनिवारी वर्ग सुटल्यावर त्यांनी ईशाला थांबवून घेतलं. घरचं काही विचारलं नाही. मी खुर्च्या लावत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"तुझा ससा बिळातून बाहेर कधी येतो?"

"देनाइ," ईशा म्हणाली. येत नाही.

"का गं?"

"मग तो उठेल."

"आणि समजा आलाच बाहेर, तर कुणाकडं जाईल?"

ईशानं खरंच विचार केला. म्हणाली, "बाई-सेन्सेईंकडे. पण त्याला घर नंबर माहीत नाही."

बाईंनी तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर आपला घर नंबर लिहिला. त्याखाली माझा. माझी परवानगी घेतली नाही. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मला त्यांचा राग आला होता.

त्यानंतर दोन शनिवार ईशा वर्गाला आली नाही. स्मिताचा निरोप आला, सर्दी झाली आहे. शाळेतही ती शांत असते, रेवा म्हणाली, आणि आता तिच्यासोबत खेळता येत नाही, ती शाळा सुटली की पळत घरी जाते. बाई जिन्यानं वर जाताना आता चौथ्याऐवजी सातव्या मजल्यावर थांबायला लागल्या. ईशाचं घर सातव्यावर होतं. "काय ऐकू येतं?" मी एकदा विचारलं.

"काहीच नाही," बाई म्हणाल्या. "तेच तर."

मग तो बुधवार आला. दुपारचे तीन वाजले असतील. बुधवारी शाळा लवकर सुटते, त्यामुळं रेवा घरी होती. दोघींच्या दोन फोनवर एकदम तो भूकंपाचा इशारा वाजला, जो कितीही वर्षं इथं काढली तरी काळीज हलवतो, आणि पाठोपाठ इमारत हलली. फार मोठा नव्हता. पण कपाटातल्या वाट्या खाली आल्या आणि दिवा बराच वेळ झुलत राहिला. थांबल्यावर मी रेवाला घेऊन खाली गेले. अंगणात सगळी जमली होती. बाई नातवाला छातीशी धरून उभ्या होत्या, चेहरा राखेसारखा. त्या नऊ मजले कशा उतरल्या त्यांनाच ठाऊक.

त्यांनी माणसं मोजायला सुरुवात केली. भूकंपानंतर त्या नेहमी मोजायच्या.

"स्मिता दिसत नाही," त्या म्हणाल्या. "ईशा पण नाही."

"घरात नसतील."

"ईशा माझ्यासोबतच आली शाळेतून," रेवा म्हणाली. "तिचे बाबा आज घरीच आहेत. तिनं जिन्यात बूट काढून हातात घेतले."

बाईंनी नातवाला शेजारच्या एका घरातल्या सुनेकडं दिलं. नातवाची टोपी खाली पडली आणि ती त्यांना उचलता येईना. पुन्हा हलेल, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. एका हादऱ्यामागून दुसरा येतो. लिफ्ट बंद पडलेल्या होत्या. बाई म्हणाल्या, "वर्षा, माझ्याबरोबर ये. मला एकटीला जमणार नाही."

मी गेले. पण त्यांच्या बरोबरीनं नाही, अर्धा जिना मागं. हे लिहायला मला आजही बरं वाटत नाही.

सातव्या मजल्यावर लांब उघडी गॅलरी आहे. तिथं एक जपानी आजी हातात यादी घेऊन दारोदार फिरत होत्या. मजल्यावर सगळे ठीक आहेत ना हे बघण्याचं काम रहिवासी मंडळानं त्यांना दिलेलं असतं. बाईंनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि ईशाच्या घराची बेल वाजवली.

दार महेशनी उघडलं. इस्त्रीचा शर्ट, मानेवर अडकवलेला ऑफिसचा हेडफोन.

"अरे काकू, सात मजले चढून आलात? या ना, पाणी घ्या."

"स्मिता कुठं आहे? ईशा?"

"आहेत की. झोपल्यात दोघी."

आतून काहीही ऐकू येत नव्हतं. टीव्ही नाही, भांडं नाही, पावलं नाहीत. दहा-पंधरा मिनिटांपूर्वी अख्खी इमारत हलली होती.

बाईंनी वाकून उजव्या पायातली चप्पल काढली आणि दाराच्या फटीत सारली. त्यांचा तोल गेला, त्यांनी चौकट धरली.

"त्यांना बोलवा," त्या म्हणाल्या.

"काकू, मी मीटिंगमध्ये आहे." ते अजून हसत होते. "तुम्ही घाबरलाय. घरी जा, आराम करा. निखिलला फोन करू का मी?"

"तुम्ही तुमची मीटिंग करा. मी इथं उभी आहे."

महेशनी चपलेकडं बघितलं. मग माझ्याकडं. आवाज न वाढवता म्हणाले, "वर्षा, ह्यांना घेऊन जा."

मी हलले नाही.  तेवढ्यात जपानी आजी यादी घेऊन दाराशी आल्या. इथं किती माणसं राहतात, सगळे ठीक आहेत ना, असं विचारू लागल्या. महेश त्यांच्याकडं वळले, जपानीत उत्तर द्यायला लागले. बाईंनी दाराच्या फटीतून आत तोंड घातलं. त्यांचा आवाज चिरकत होता.

"ईशा, बाई आल्यात. बाहेर ये. आवाज झाला तरी चालेल."

 मग आतल्या खोलीत अंथरुणाच्या कपाटाचं सरकतं दार उघडल्याचा आवाज आला. ईशा बाहेर आली. तिच्यामागं स्मिता. स्मितानं उजव्या हातानं डावं मनगट धरलं होतं आणि ते मनगट दिसायला नको तसं दिसत होतं.

जपानी आजींनी बघितलं. "अहो, तुमचा हात—"

"भूकंपात पडली," महेश उत्तम जपानीत म्हणाले.

"असं का," आजी म्हणाल्या. मान डोलावली. यादीवर काहीतरी लिहिलं. पण जागच्या हलल्या नाहीत. त्या स्मिताच्या आणि महेशच्या मध्ये उभ्या राहिल्या, अगदी नम्रपणे, आणि स्मिता आणि ईशा अनवाणीच बाहेर येईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.

जिन्यात पहिल्याच वळणावर पुन्हा हलायला लागलं. बाईंनी डोळे मिटून कठडा धरला, दुसऱ्या हातानं ईशाला. थांबलं तसं आम्ही उतरलो. मागून कुणी आलं नाही. फक्त वरून महेशचा आवाज आला, "वर्षा, तुमच्या मिस्टरांना सांगा, संध्याकाळी फोन करतो."

माझ्या घरी आल्यावर स्मिता तीनदा म्हणाली, भूकंपात पडले. बाईंनी काही विचारलं नाही. त्यांनी फुटलेल्या वाट्या झाडून काढल्या, डाळ-भात लावला, ईशाला कालवून दिला. ईशा चमचा ताटाला लागू न देता जेवत होती. बाईंनी ते बघितलं आणि तोंड फिरवलं.

मग स्मितानं एकदम मला विचारलं, "त्यांच्या हातात घड्याळ होतं का गं?"

"नव्हतं," मी म्हटलं. मला का लक्षात राहिलं होतं कुणास ठाऊक.

"ते आधी घड्याळ काढून ठेवतात," ती म्हणाली. आणि मग ती बोलत राहिली.

मी वॉर्ड ऑफिसच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. माझं जपानी त्या दिवशी मला सोडून गेलं होतं. साधं क्रियापद सुचेना. तासाभरानं दोन स्त्रिया आल्या, एक तिथली आणि एक दुभाषी. त्यांनी स्मिता आणि ईशाला आधी दवाखान्यात आणि मग कुठंतरी नेलं. कुठं, ते आम्हाला सांगितलं नाही. सांगायचं नसतंच. ईशानं वही मागितली, पण वही सातव्या मजल्यावर राहिली होती.

निखिल संध्याकाळी सातला आला, तो थेट माझ्याच घरी. त्याला आधीच फोन गेला होता. बूटही न काढता दारातच उभा राहिला.

"आई, तू काय केलंस तुला कळतंय का? उद्या मला त्यांच्यासमोर बसायचंय."

"कळतंय."

"गोष्टींवरून? मुलीनं लिहिलेल्या गोष्टींवरून तू लोकांच्या घरात शिरलीस?"

बाई जमिनीकडं बघत म्हणाल्या, "मला पण त्याच इमारतीत राहायचंय, निखिल. मला पण भीती वाटतेय."

पुढचे महिने वाईट गेले. महेशनी कुणाशी भांडण केलं नाही. ते भेटेल त्याला शांतपणे, दुखावलेल्या माणसासारखं सांगत राहिले: स्मिताला मानसिक त्रास आहे, आपण तो घरातच ठेवला होता, एका म्हाताऱ्या बाईनं गैरसमजातून संसार मोडला. लोकांना ते पटलं, कारण फ्रीज चढवून देणारा माणूस त्यांनी डोळ्यांनी बघितला होता आणि मनगट फक्त बाईंनी, मी आणि त्या जपानी आजींनी. वर्गातली मुलं अकरावरून तीनवर आली. निखिलला त्या कामावरून काढून दुसरीकडं टाकलं. तो आईशी कामापुरतं बोलायचा.

एका सकाळी बाई कचरा टाकायला गेल्या तेव्हा महेश तिथं बाटल्या वेगळ्या करत होते. त्यांनी बाईंच्या हातातली पिशवी घेतली, नीट जागेवर ठेवली आणि म्हणाले, "काकू, तुम्ही मुलांना गोष्टी छान शिकवता म्हणे. एकदा माझी पण ऐका." एवढंच. बाई छत्री तिथंच विसरून माझ्याकडं आल्या. त्या दिवसापासून मी रोज त्यांच्यासोबत खाली जायला लागले. आम्ही दोघी घाबरलेल्याच जायचो.

आणि त्यांना आणखी एक भीती होती, जी त्यांनी मला एकदाच सांगितली. "स्मिता परत त्याच्याकडं गेली तर? आपण दार उघडलं, पुढचं आपल्या हातात नाही. त्या दोघी कुठं आहेत, जेवल्या का, काही माहीत नाही. गोष्ट अर्धी राहिली की मला झोप येत नाही."

हिवाळा संपता संपता महेशना कंपनीनं परत भारतात बोलावून घेतलं. का, ते कळलं नाही. आम्हाला हायसं वाटायला हवं होतं, पण बाई म्हणाल्या, "म्हणजे आता तो तिकडं आहे." त्या दोघी तिकडं असतील तर, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

स्मिताचा फोन आला तो मे महिन्यात. ती भावाकडं होती, गाव तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कोर्टात प्रकरण चालू होतं, मनगट वाकडं जुळलं होतं, ईशा शाळेत जात होती. "भीती वाटते अजून," ती म्हणाली. "बेल वाजली की आम्ही दोघी एकमेकींकडं बघतो." फोन ठेवल्यावर तिनं ईशानं लिहिलेल्या नव्या गोष्टीचा फोटो पाठवला. मी धावत नवव्या मजल्यावर गेले. बाईंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. एका मुलीकडं सात मांजरं असतात. एक पांढरं, एक काळं, एक चोरून दूध पितं, एक नुसतंच झोपतं. सातवं मांजर कसं आहे ते लिहायच्या आधीच पान संपलं होतं.

बाईंनी फोन माझ्या हातात परत दिला. "ह्यात काहीच नाही," त्या म्हणाल्या. "नुसती मांजरं आहेत." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. अडीच वर्षांत मी त्यांना रडताना तेव्हाच पाहिलं.

जुलैत नातू सात वर्षांचा झाला. ऑगस्टच्या पहिल्या रविवारचं बाईंचं तिकीट होतं. आदल्या दिवशी शनिवार होता, वर्गाचा. तीन मुलं आली होती. बाईंनी मला आधीच बजावलं होतं, शेवटच्या दिवशी तू सांग, मी ऐकते. मला गोष्टी सांगता येत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. मी एक तयार करून आणली होती, एका चुकलेल्या बसची. बाई मागं मुलांच्या ओळीत उशी घेऊन बसल्या. निम्म्या गोष्टीत त्या उठल्या. त्यांचं सामान बांधायचं राहिलं होतं. मुलांच्या डोक्यांवरून हात फिरवत, माझ्याकडं बघून नुसती मान हलवत त्या बाहेर पडल्या.

मी बोलत होते आणि खिडकीतून त्या मला दिसत होत्या. उन्हात अंगण ओलांडून त्या आमच्या इमारतीपाशी गेल्या आणि थांबल्या. मान वर करून बोटानं मजले मोजू लागल्या. सातव्यावर नवं कुटुंब राहायला आलं होतं. गॅलरीच्या कठड्यावर गाद्या वाळत घातल्या होत्या, एका काठीला लहान मुलाचे मोजे लटकत होते. बाई बघत राहिल्या. मग त्यांनी कानामागं हात धरला. इतक्या खालून काय ऐकू येणार होतं? पण त्या तशाच उभ्या होत्या, गाद्यांच्या पलीकडून कुणीतरी हसेल, रडेल, काहीतरी पाडेल याची वाट बघत.

"मग?" रेवानं माझी बाही ओढली. "आई, बस चुकली. मग?"

गोष्टीत पुढं काय होतं ते मी विसरले होते.